हापशीला करंट आहे म्हणणारी

पत्रकं वाटणाऱ्यांना एक खोड असते. गावात पाऊल टाकण्याआधीच गावाचा आजार त्यांना ठाऊक असतो. त्या दिवशी माझ्या पिशवीत भूत-भानामतीची पत्रकं होती. दारव्ह्याला काळी-पिवळी जीप भरायची वाट पाहत बसले होते तेव्हा माझं भाषणही मनातल्या मनात सुरू झालं होतं.

निमित्त असं झालं. आम्ही लोहाऱ्याला राहतो, एमआयडीसीच्या अलीकडे, भाड्याच्या खोल्यांच्या रांगेत. शेजारच्या खोलीतली ताई एका कारखान्यात पॅकिंगला जाते. तिची धाकटी बहीण नुकतीच दारव्ह्याकडच्या एका बंजारा तांड्यात दिलेली. एका संध्याकाळी ताई माझ्या दारात येऊन उभी राहिली. हाताला भाकरीचं पीठ तसंच.

"तू लोकाइले समजावत फिरते न? मंग माह्या बहिणीच्या सासरच्याइले समजाव. पोट्टी म्हणते, हापशीले हात लावला का करंट लागते. थे म्हणतात, खोटं बोलते. येत्या इतवारी बैठक बसवून राह्यले. माहेरी धाडून देतो म्हणतात."

"आणि नवरा?"

"थो पुण्याकडे, बिल्डिंगच्या कामावर. फोनवर म्हणते, माय म्हणन तसं."

हापशी, झटका आणि नवी सून. मी म्हटलं, ओळखलं. करणी, बाहेरची बाधा. आमच्या पत्रकात यावर अख्खा परिच्छेद होता, तो मीच लिहिलेला.

तांड्यात पोचले तेव्हा कापूस वेचायला गेलेली माणसं परतत होती. वाटेच्या कडेला कडुनिंबाखाली नायक, म्हणजे तांड्याचे प्रमुख, बाजेवर बसलेले. शेजारी दोघं-चौघं म्हातारे. मी रामराम केला, पत्रक पुढे केलं आणि बोलायला लागले. दुसऱ्या वाक्यालाच नायकांनी हात वर केला.

"थांबा न ताई. आमाले का बह्याड समजून राह्यल्या? भूत म्हणून कोणी सांगतलं तुमाले?"

"नाही, म्हणजे ती हापशीवर..."

"हापशीवर कांयी कोनी," एक म्हातारा त्यांच्या बोलीत म्हणाला. काही नाही, असं.

"भूत नाई अन् बित नाई," नायक म्हणाले. "पोट्टी कामचोर हाये. बस, एवढीच गोष्ट. आमी सगळ्याइनं हात लावून पाह्यला. मी लावला. तिच्या सासूनं लावला. चक्कीवाल्यानं टेस्टर लावून पाह्यलं. एकालेही काही नाई. मंग हिलेच काहून लागते? करंट का मानूस पाहून लागते?"

 अंधश्रद्धेशी लढायला गेलेल्या माणसाला तिथे अंधश्रद्धाच सापडू नये, याच्यासारखी पंचाईत नाही. या लोकांनी प्रयोग केला होता. प्रत्येकाने स्वतः हात लावला होता आणि त्यावरून निष्कर्ष काढला होता. आमच्या शिबिरांत आम्ही दुसरं काय शिकवतो? आणि त्यांचा प्रश्नही बिनतोड होता. वीज जात पाहत नाही, नवी सून-जुनी सून पाहत नाही.

मग मीही जाऊन हापशीचा दांडा धरला. चार वेळा हापसलं. गार लोखंड आणि गार पाणी. बाकी काही नाही.

सासू हापशीच्या बाजूच्याच घरात राहायची. लोक तिला याडी म्हणत, म्हणजे आई. मी तिच्यावर चिडूनच आत गेले होते. पत्रकातली सासू कशी असते ते मला पाठ होतं. ही बाई पाय पसरून, गुडघ्यांना तेल चोळत बसली होती.

"बस बाई," ती म्हणाली. "तू बी हातच लावून आली न? कसा लागला करंट?" आणि स्वतःच हसली. मग हसू थांबलं. "माह्ये गुडघे गेले वो. या हापशीनं गेले. सून आनली तं वाटलं, सुटली मी. तं हे महारानी हंडा घेऊन जाते अन् अर्धा बी आनत नाई. चार मानसात सांगते, करंट लागते म्हणून. मले खोटं आवडत नाई. काम नाई होत म्हण न सरळ, मी काई खाऊन टाकत नाई तुले."

सून दाराच्या आडोशाला उभी होती. विशीची असेल-नसेल. मी तिला बाजूला घेतलं.

"रोज लागतं का?"

"नाई. सांजचंच. थे बी कवा लागते, कवा नाई. म्हून तं कोणी मानत नाई."

"कसं लागतं?"

"कोपरापर्यंत मुंग्या चावल्यावानी होते. हंडा सुटते हातातून." तिने पाय पुढे केला. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं.

"खरं सांग हं," मी म्हटलं. मास्तरणीच्या सुरात म्हटलं, ते मला अजून ऐकू येतं.

तिने मान वर केली. "तुमी बी?"

एवढंच म्हणाली. दिवस मावळायला आला होता. याडीने आतून आवाज दिला, "पानी आन वो, भाजी टाकाची हाये." सुनेने चपला दारात काढल्या, पदर पुढे ओढला, हंडा कमरेवर घेतला आणि वाटेला लागली. हापशी नायकांच्या बाजेसमोरच होती. मी मागोमाग निघाले.

हापशीच्या सिमेंटच्या ओट्यावर तीन-चार बकऱ्या साचलेलं पाणी पीत होत्या. तेवढ्यात टोकाच्या घरातून चक्कीवाल्याची घरघंटी सुरू झाल्याचा घर्रर्र आवाज आला, आणि बकऱ्यांनी एकदम ओट्यावरून उड्या टाकल्या. जणू कोणी काठी उगारली. सून ओट्याच्या अलीकडेच थांबली. माझ्याकडे पाहिलं. 

याडी दारातून ओरडली, "आता बकऱ्या बी नखरे कराले लागल्या! सांजचं तिथं धड पानी बी पेत नाई."

सगळे हसले. मीही हसले. आणि हसता हसता थांबले. सुनेला कामाचा कंटाळा असेल एक वेळ. बकरीला फुकटच्या पाण्याचा कंटाळा कशाला?

मी खाली पाहिलं. बकऱ्यांचे खूर, सुनेचे उघडे ओले पाय. आणि माझे बूट. जाड रबरी तळव्याचे. मग बाजेखाली पाहिलं: नायकांच्या चपला, म्हाताऱ्यांच्या चपला, सगळ्या रबराच्या. हात लावून पाहणाऱ्या एकानेही पायातलं काढलं नव्हतं. काढणार तरी कशाला? मोठ्यांसमोरून चपला घालून जायचं नाही, हा नियम फक्त नव्या सुनेला आहे.

आता जरा विजेचं बोलते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही, आणि शाळेत आपल्याला हे सांगूनही सांगितलं जात नाही. आठवीच्या पुस्तकात एक सेल असतो, एक बल्ब असतो, आणि तार सेलच्या एका टोकातून निघून बल्बमधून फिरून दुसऱ्या टोकाला परत येते. चित्र सुंदर असतं. मार्क मिळतात. आणि आपण जन्मभर असंच समजतो की वीज म्हणजे नळाचं पाणी, तारेतून येतं, घरात संपतं. ती संपत नाही. ती परत जाते. गावाबाहेरच्या डीपीवरून, तिथल्या ट्रान्सफॉर्मरमधून, एका तारेने येते आणि दुसऱ्या तारेने, म्हणजे न्यूट्रलने, त्याच डीपीवर परत जाते. वर्तुळ पूर्ण झालं तरच ती चालते. कुठेही तुटलं की सगळंच थांबतं.

म्हणून मी वर पाहिलं. शेवटच्या खांबापासून टोकाच्या घराकडे एकच तार गेली होती. दुसरी खांबावरूनच तुटून लोंबत होती. आणि घरघंटी तर चालू होती. मग तिची वीज परत कुठून जात होती?

घराच्या मागून एक काळी वायर निघाली होती. कुंपणाच्या बोरीखालून, दगडांखालून, थेट हापशीपर्यंत. ओट्याच्या मागच्या बाजूला बोल्टला तिचे वेढे होते.

चक्कीवाला पिठाने पांढरा झालेला, हसतमुख माणूस. त्याने काहीच लपवलं नाही.

"हाव, मीच बांधली. न्यूट्रल उडालं न वरचं. आफिसात सांगू सांगू थकलो. म्हणतात एकच घर हाये तिकडे, पाहू. मंग तांड्याचं दळण का बंद ठेवू? हापशीचा पाईप खोल पान्यापर्यंत गेला हाये, त्याच्यासारखं अर्थिंग कुठी भेटन? चक्की मस्त उचलते."

उचलणारच. डीपीचंही एक टोक जमिनीत पुरलेलं असतं. तार नाही मिळाली तर वीज मातीतून आपल्या घरी, म्हणजे डीपीवर, जाते. फक्त माती तारेसारखी सोपी वाट नाही. ती अडवते, आणि अडवलेल्या विजेचा दाब हापशीवर चढतो. अशा हापशीला ओल्या ओट्यावर उभं राहून कोणी अनवाणी हात लावला की त्याचं शरीरही त्या वर्तुळातली एक वाट होतं. लोक म्हणतात, वीज सोपी वाट पाहून जाते. खोटं. ती मिळतील त्या सगळ्या वाटांनी जाते. सोप्या वाटेने जास्त, अवघड वाटेने कमी. ही सून म्हणजे तांड्याच्या चक्कीची एक लहानशी परतीची तार झाली होती. चक्की चालू असेल तेव्हाच. म्हणून "कवा लागते, कवा नाई."

"पण टेस्टर लागलं नाई न," चक्कीवाला म्हणाला. त्याने पुन्हा लावून दाखवलं. खरंच पेटलं नाही. साध्या टेस्टरला पेटायला जितका दाब लागतो, त्याहून कमी दाब ओल्या पायाला पुरतो. हे मी सांगितलं तेव्हा नायक म्हणाले, "म्हंजे टेस्टर बी खोटं अन् आमी बी खोटे. एक तीच खरी."

"हो," मी म्हटलं. "इतवारी दाखवते. तोवर चक्की बंद ठेवा."

"तुमच्या म्हणण्यावर?" चक्कीवाला हसला.

निघताना सुनेला म्हटलं, चपला घालून जात जा. ती नायकांच्या बाजेकडे पाहून म्हणाली, "त्याइच्या समोरून? ताई, मंग बैठकीची गरजच नाई रायनार. मी पहाटेच आनतो पानी."

रविवारी आले ते शाळांमधून दाखवायचं सामान घेऊन. पत्रकं आणली नाहीत. बैठक हापशीसमोरच बसायची होती, हे बरं झालं. लोहाऱ्याची ताई आदल्या दिवशीच येऊन बहिणीजवळ बसली होती. दोघींच्या मध्ये एक पत्र्याची पेटी, भरलेली. म्हणजे निकाल त्यांनी धरूनच ठेवला होता.

माझ्याकडे दिवाळीच्या माळेतला एक लाल दिवा होता. त्याला वीज अडवणारा छोटा रोधक जोडलेला, म्हणजे दिवा जळू नये. त्याला दोन लांब वायरी. एक टोक हापशीच्या दांड्याला बांधलं. दुसरं कशाला बांधायचं म्हणून पाहिलं तर बकरी बांधायचा लोखंडी खुंटा ओट्यापासून थोडा दूर, ओल्या मातीत ठोकलेला. त्याला बांधलं.

"भाऊ, चक्की चालू करा."

घर्रर्र झालं आणि दिवा लाल पेटला. सेल नाही, बोर्ड नाही, एक हापशी आणि एक बकरीचा खुंटा.

 मग एक म्हातारा ओरडला, "बंद कर बे!" चक्की बंद. दिवा बंद. "चालू कर!" पेटला. "बंद!" विझला. पुढचा काही वेळ सगळा तांडा चक्कीवाल्याला चालू-बंद करायला लावत होता, आणि तो बिचारा आतून ओरडत होता, "अरे मोटर जळन न माही!"

मग मी खुंट्याचं टोक सोडलं आणि नायकांना म्हटलं, "तुमची चप्पल द्या." त्यांनी पायानेच पुढे सरकवली. वायर चपलेवर दाबून धरली. चक्की चालू, दिवा विझलेला. चप्पल बाजूला केली, तीच वायर ओल्या मातीत खुपसली. पेटला.

"चपल हाये तं वाट बंद," चक्कीवाला दारातून म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

"बरं," नायक म्हणाले. चप्पल उचलून तिचा रबरी तळवा चाचपला.

मला वाटलं, झालं. पण याडी उठली. गुडघ्यावर हात टेकत ओट्यापर्यंत आली आणि चपला काढल्या.

"याडी, नको," मी म्हटलं. "दिवा पेटला ना? कळलं ना?"

"तुले कळलं," ती म्हणाली. "मले नाई कळलं."

मी चक्कीवाल्याला बंद कर म्हणून ओरडले, पण तो दारातून आत बटणाकडे वळेपर्यंत उशीर झाला. तिने ओट्यावर पाय ठेवला आणि उलट्या हाताने दांड्याला स्पर्श केला. हात झटकन मागे आला. तोंडातून मोठा आवाज निघाला. असं कोणीही करू नये. लोक अशाने मरतात, आणि वाचले तर नशिबालाच धन्यवाद द्यावेत. पण तिने केलं, आणि मी ते पाहिलं.

ती हात छातीशी धरून सुनेकडे वळली. सून आपोआप उभी राहिली होती.

"रोज?" याडीने विचारलं.

"पहाटेचं नाई," सून म्हणाली. "सांजचं."

"अन् तरी जात होती?"

"तुमी धाडत होत्या न."

याडी खाली बसली. पत्र्याच्या पेटीकडे पाहून ताईला म्हणाली, "थे पेटी आत ने वो. अशी रस्त्यात नको ठेऊ." बैठक म्हणाल तर तेवढीच झाली.

इथे गोष्ट संपायला हवी होती, निदान माझ्या पत्रकात संपली असती. पण मी काळी वायर बोल्टवरून सोडायला लावली आणि चक्की बंद पडली. आता दळण घेऊन पलीकडच्या गावात जायचं. चार दिवसांनी ताईने मला निरोप दिला: तांड्यातल्या बाया म्हणतात, हिच्यापायी चक्की बंद झाली. माझं डोकं फिरलं. करंट लागत नाही असं सगळे म्हणत तेव्हा ही खोटारडी, लागतो हे ठरलं तेव्हा दळण बंद पाडणारी! आणि खांबावरची तार लोंबतच. एकच घर आहे तिकडे, पाहू.

मी तावातावाने निवेदन लिहून तांड्यात घेऊन गेले. याडीने ते ऐकून घेतलं.

"कागद तं चक्कीवाल्यानं बी देल्ला होता," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आमची लदेणी माहीत हाये तुले? बैलाइवर मीठ-धान्य लादून जायची. माहा आजा सांगे. गेली तशी परत बी यायची. परत आली नाई तं पुढच्या साली जाईन कोन? तुही वीज बी तशीच म्हण न."

"तशीच."

"मंग आपन बी दळन घेऊन जाऊ. परत आनू का नाई थे त्या आफिसवाल्याइच्यावर."

दुसऱ्या सकाळी वेचणी सोडून बाया निघाल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर ज्वारीचं गाठोडं. विजेच्या ऑफिसच्या व्हरांड्यात ओळीने गाठोडी मांडली आणि बसल्या. साहेबांनी विचारलं, हे काय?

"दळन," याडी म्हणाली. "आमची चक्की बंद हाये. तुमच्याकडे लाईट हाये. दळून द्या."

साहेब म्हणाले, तक्रार रीतसर नोंदवा. याडी म्हणाली, नोंदवा तुमी, आमी बसलो हावो. सून तिच्या शेजारी बसली होती. आपलं गाठोडं सोडून ती ज्वारीतले खडे वेचायला लागली. हळूहळू सगळ्याच लागल्या. इतक्या निवांतपणे चाललेलं आंदोलन मी पाहिलं नव्हतं. घोषणा द्यायला मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा याडीने म्हटलं, "बस न बाई, खडे वेच."

वायरमन संध्याकाळच्या आत तांड्यात आला. डीपीवरून लाईन बंद करून खांबावर चढला, तुटलेली तार ओढून जोडली. अर्ध्या तासाचं काम. तेवढ्यासाठी एक मुलगी माहेरी जाणार होती. हे वाक्य मी पुढे पत्रकात घातलं. तिथे ते तितकं लागत नाही.

जोडणी झाली तशी चक्की सुरू झाली. मी लाल दिवा पुन्हा लावून पाहिला: हापशी ते खुंटा. पेटला नाही. बकऱ्या ओट्यावर चढल्या आणि पाणी प्यायला लागल्या. त्यांच्यावर सगळ्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास बसला.

सुनेने हंडा घेतला. दारात आली आणि सवयीने चपला काढल्या. मी काही बोलणार, तेवढ्यात तीच माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "आता तं करंट नाई न ताई. मंग चपला कायले?"

 माझ्याकडे चपलेचं कारण वीजच होतं.

याडी आत दळणाचं पीठ चाळत होती. तिथूनच, नायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडली, "चपला घाल वो! घालूनच जाय!"

सून उभीच राहिली. कडुनिंबाखाली नायक बसलेले. त्यांनी ऐकलं.  बाजेवरच वळून बसले, वाटेकडे पाठ केली आणि शेताच्या दिशेने असं निरखून पाहायला लागले, की जणू तिकडून कोणी येणार आहे.

सुनेने चपला घातल्या. रिकामा हंडा कमरेवर घेऊन, त्यांच्या पाठीमागून, फटक फटक आवाज करत ती हापशीकडे गेली.